गाव निवडा, पण कुठल्या बाजूचं?

नाशिकच्या भोवती सध्या गावांचा बाजार भरलाय. गिरणारे, दिंडोरी, सिन्नर, घोटी, इगतपुरी, त्र्यंबक रस्ता, जिकडं बघावं तिकडं शेतात फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या, लोखंडी कमान उभी आणि कमानीवर पाटी : निसर्गाच्या कुशीत प्लॉट, शहरापासून अर्धा तास. नोकरी शहरात करा, राहा गावात. पांढरपेशा माणूस रविवारी बायकापोरांना गाडीत घालून येतो, धरणाचं पाणी बघतो, हवा हुंगतो आणि भाजी निवडावी तसं गाव निवडतो.

निवडू दे. त्याच्याशी आमचं भांडण नाही. आमचं भांडण त्या 'निवडा' या शब्दाशी आहे.

दोस्तांनो, आपल्या बापजाद्यांनी कधी गाव निवडलं होतं का? गावानंच त्यांची जागा निवडली. गावाचा वारा आणि गावाचं पाणी गावानं वापरून झाल्यावर जिथं पोचतं, तिथं. मेलेलं ढोर ओढायला सोयीची, येसकराला हाक मारली की ऐकू येईल इतकी जवळ आणि सावली पडणार नाही इतकी लांब. गावाचा नकाशा काढणाऱ्यानं आधी आपली वस्ती बाहेर ठेवली, मग वेस बांधली. म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब उभे राहिले तेव्हा त्यांनी खेड्याची आरती ओवाळली नाही. खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं डबकं, अशा अर्थाचं ते बोलले. खेड्याची गोडी सांगणाऱ्यांना ते आजही झोंबतं.

आपण मग शहरात आलो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईत आले, गिरणीत राबले. विहितगावचे बाबूराव बागूल मुंबईला गेले. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्याच्या नावातच आपल्या लोकांची शहरातली अर्धी कहाणी आहे. डोक्यावर छप्पर पाहिजे असेल तर जात खिशात घाल. साठ वर्षं होऊन गेली. आज जात कुणी तोंडावर विचारत नाही, आडनाव विचारतात. मग गाव विचारतात. मग 'नॉनव्हेज खाता का' विचारतात. मग खोली कालच दिली गेली असते.

आणि भाडं? मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उचलतो. शिवडीला एका खोलीत आम्ही सहाजण, पाळीप्रमाणं झोपणारे. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरते. घरचे नाशिक रोडला. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत राबणारे माझे मित्रही याच चरकात. पगार हातात येतो आणि निम्मा घरमालकाच्या हातात जातो. म्हणून गेल्या काही महिन्यांत आपल्या बैठकीत पोरं पुन्हा पुन्हा विचारतात : कॉम्रेड, शहर परवडत नाही. जवळचं एखादं गाव बघू का? कुठलं बघू?

हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. 'बाबासाहेबांनी खेडं सोडायला सांगितलं, तू परत कुठं निघालास?' असं म्हणून पोराचं तोंड बंद करणं सोपं आहे. पण त्यानं भाडं भरत नाही. बाबासाहेबांचं सांगणं नीट वाचा. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत ठराव झाला की अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती, स्वतंत्र गावं वसवा. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी हीच मागणी घटनेच्या भाषेत मांडली. पडीक सरकारी जमीन द्या, तिथं आम्ही आमची गावं उभी करतो. म्हणजे बाबासाहेबांचा नकार मातीला नव्हता. नकार होता तो दुसऱ्याच्या गावात त्याच्या मेहेरबानीनं राहण्याला. आणि याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे दादासाहेब गायकवाड, ज्यांनी १९३० साली काळारामाच्या दारात सत्याग्रह लढवला, त्यांनीच १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. देवळाच्या दारापासून ते सातबाऱ्याच्या दारापर्यंत आले. हा रस्ता आपण विसरलो, म्हणून आज प्लॉटवाल्याच्या दारात उभे आहोत.

आता सातबाऱ्याचंच बोलू. तुम्ही म्हणाल, पैसे जमवू, चार गुंठे शेतजमीन घेऊ. १९४८ चा कूळकायदा सांगतो की जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेतकरी असल्याचा दाखला आण. दाखला कशावर मिळणार? बापाच्या, आज्याच्या नावावरच्या जमिनीवर. ज्याला हजार वर्षं जमीन मिळू दिली नाही त्याला कायदा विचारतो, तुझी जमीन कुठाय? कूळ वाचवायला केलेला कायदा बिनजमिनीच्या माणसापुढं कुलूप होऊन बसतो.

बरं, आपली जमीन नव्हतीच असंही नाही. महार वतनाची होती. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं गेली, राबणूक गेली, ते बरंच झालं. जमिनी वतनदारांना नव्या शर्तीवर परत मिळायच्या होत्या. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, अशी ती शर्त. किती घरांत त्या राहिल्या? कुठं कर्जाच्या कागदावर अंगठा घेतला, कुठं कसायला म्हणून घेतली ती परत दिलीच नाही, कुठं मुंबईला गेलेल्या भावाचं नाव वारसांतून गळालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा शहरातल्या शहाण्यांना पहिल्यांदा कळलं की असली काही जमीन असते. शहर जवळ आलं की पडीक वतनाला सोन्याचा भाव येतो, आणि भाव आला की वतनदाराला सोडून सगळ्यांना तिची आठवण येते. तेव्हा नवीन गाव बघण्याआधी आपल्या जुन्या गावाच्या तलाठ्याकडं जा. जुने फेरफार काढा. 'इनाम वर्ग ६ ब' असं कुठं दिसतंय का बघा. कदाचित तुम्हाला विकायला काढलेला प्लॉट तुमच्याच पणज्याच्या रानात असेल.

रस्त्याचं म्हणाल तर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला, आणि इगतपुरी मुंबईच्या अंगणात आली म्हणून जाहिराती नाचू लागल्या. कुणाच्या अंगणात? त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. मजुराकडं दुचाकीच असते. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ पासून नाशिकच्या पासवाल्यांना मुंबईला नेते-आणते, पण ती पोचते बाबूलोकांच्या वेळेला. गोदीच्या सकाळच्या पाळीला तिचा उपयोग नाही. म्हणून अंतर किलोमीटरात मोजू नका. आपल्या पाळीच्या भोंग्याला आणि शेवटच्या यष्टीला धरून मोजा.

आणि एक अंतर कुठल्याच जाहिरातीत नसतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्र्यंबकजवळच्या तळेगावात एका लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या घटनेनंतर हा जिल्हा पेटला. त्या लेकराला न्याय मिळावा, दोषीला कायद्यानं शिक्षा व्हावी, यात दुमत नव्हतं. पण जमावानं न्याय मागितला नाही, वस्त्या शोधल्या. आसपासच्या गावांत बौद्धांच्या घरांवर हल्ले झाले, गाड्या फोडल्या, जाळल्या. इंटरनेट बंद करावं लागलं, काही गावांत संचारबंदी लागली. हाच तो त्र्यंबक रस्ता, हीच ती निसर्गाची कूस. एकाच्या नावानं सगळ्या वस्तीला शिक्षा देण्याची रीत ज्या गावात जिवंत आहे, ते शहरापासून अर्ध्या तासावर असलं तरी आपल्यापासून शंभर वर्षं लांब आहे.

मग गाव बघायचं तर काय बघायचं? हवा नंतर बघा. आधी हे विचारा. आपल्या वस्तीचा नळ गावाच्याच टाकीवर आहे का, आणि उन्हाळ्यात आधी कुणाचा बंद होतो? मसणवाटा एकच आहे का, पावसाळ्यात आपलं मढं तिथं जातं का? ग्रामसभेत आपला माणूस बसतो का, आणि बसतो तर खुर्चीवर की दाराशी? चौदा एप्रिलची मिरवणूक गावातल्या मुख्य रस्त्यानं जाते की बाहेरून वळवतात? विकणारा सातबाऱ्यावर स्वतःच्या नावानं उभा आहे, की नोटरीचा कागद दाखवून गुंठा गळ्यात मारतोय? या प्रश्नांची उत्तरं एजंट देत नाही. वस्तीतली म्हातारी देते. तिच्या ओट्यावर तासभर बसा.

आणि पाटीला भुलू नका. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. महारवाडा जाऊन भीमनगर आलं. चांगलं झालं. पण नाव बदललं म्हणून जागा बदलत नाही. बाबूरावांचं विहितगाव आज महापालिकेत आहे. १९८२ साली नाशिकची महापालिका झाली तेव्हा अशी कितीतरी गावं शहरानं पोटात घेतली. गावाची वेस गेली, डांबरी सडक आली. वस्त्या मात्र आहेत तिथंच आहेत. शहर गावाला गिळतं, पण गावानं आखलेली रेघ त्याला पचत नाही.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. एकट्यानं जाऊ नका. आडनाव बदलून, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत ठेवून कुणी गावात घर केलं तर ते घर नाही, लपायची जागा आहे. जायचं तर दहा-वीस घरांनी मिळून जा. सोसायटी नोंदवा, खरेदीखत नोंदवा, सातबाऱ्यावर नाव लावा, बायकोचंही लावा. पहिल्याच ग्रामसभेला जाऊन पुढच्या रांगेत बसा. आणि ज्यांच्याकडं पैसेच नाहीत, म्हणजे आपल्यातले बहुतेक, त्यांच्यासाठी १९४२ ची मागणी पुन्हा उभी करायची आहे. कारखान्यांच्या आणि गोदीच्या मजुराला कामाच्या टप्प्यात सरकारी जमिनीवर घर पाहिजे, आणि ते गावाच्या बाहेर नको, खालच्या अंगाला नको.

येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी सांगितलं की जन्म माझ्या हातात नव्हता, मरण कुठल्या धर्मात ते मी ठरवीन. त्याच जिल्ह्याच्या मातीत उभं राहून आपण एवढं तरी म्हणू : आमची वस्ती कुठं, हे आजपर्यंत गावानं ठरवलं. इथून पुढं आम्ही ठरवू.

येत्या बैठकीला प्रत्येकानं आपल्या मूळ गावचा एक सातबारा उतारा घेऊन या. कविता नंतर वाचू.

जयभीम.