दिवाळीच्या आत पाच हजार रुपये हवेत

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाची कल्पना वर्गात उतरायला बहुतेक वेळा दोन ते पाच हजार रुपये पुरतात. तेवढे पैसे आपण द्यावेत, आणि दिवाळीच्या आत द्यावेत, ही कळकळीची विनंती.

घाई कशाची, ते आधी सांगतो. बीड-अहिल्यानगरच्या डोंगराळ पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयत्याला नवराबायको दोघेही लागतात, आणि मागे सांभाळायला कोणी नसले की मूलही ट्रॅक्टरमध्ये चढते. हंगामी वसतिगृहे आहेत, पण सगळी मुले तिथे राहत नाहीत. वर्ग पुन्हा भरतो तेव्हा वर्ष सरत आलेले असते. अशा शाळेला मुलांबरोबर काही करून पाहायला जून ते दिवाळी एवढाच काळ मिळतो. इतर गावांतही पावसाची नोंद पावसातच घ्यावी लागते. मार्चमध्ये आलेल्या पैशांतून पर्जन्यमापक येईल, पाऊस येणार नाही.

सरकार काही देत नाही का? देते. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि त्यापुढे १०० पर्यंत पटाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेचा. उरलेल्यात वीजबिल, खडू, हजेरीपट, गळके छप्पर. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात शैक्षणिक साहित्यासाठी प्रत्येक शिक्षकाच्या नावे वर्षाला ५०० रुपये असत. रक्कम चिमूटभर, पण खर्च कशावर करायचा ते शिक्षक ठरवायचा. त्यातून शब्दपट्ट्या झाल्या, मणिमाळा झाल्या. संयुक्त अनुदानात तसा वेगळा वाटा नाही. नवे काही सुचले की गुरुजींनी स्वतःच्याच खिशात हात घालायचा.

गावे मदत करत नाहीत असे मुळीच नाही. ‘शैक्षणिक उठाव’ हा शब्द शिक्षकांच्या तोंडी रोजचा आहे, आणि त्यातून शाळांना पंखे, टीव्ही, पाण्याच्या टाक्या मिळाल्या. पण वस्तू कोणती, हे बहुधा देणाराच ठरवतो. कपाटावर नाव रंगवता येते. चौथीच्या मुलांनी आजीआजोबांना विचारून बोलीतल्या शब्दांचे हस्तलिखित केले, तर त्यावर कोणाचे नाव घालणार? (दहा वह्या वाटून पंचवीस फोटो काढणाऱ्यांबद्दल न बोललेलेच बरे.)

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातले शिक्षक चार्ल्स बेस्ट यांनी २००० साली ‘डोनर्स चूज’ सुरू केले, तेव्हा हाच क्रम उलटा केला. वर्गाला काय हवे ते शिक्षकाने लिहायचे, लोकांनी जमेल तेवढे द्यायचे, आणि साहित्य थेट शाळेत पोहोचायचे. आपल्या गावच्या शाळेसाठी तर संकेतस्थळही लागत नाही. एक फोन पुरतो.

दोन हजारांत वर्गाला पुरतील इतकी हातभिंगे येतात आणि परिसर अभ्यासाचा तास बांधावर भरतो. थोडे अधिक असतील तर घरी गोरमाटी किंवा पावरी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांसाठी त्यांच्या बोलीतली चित्रगोष्टींची पुस्तके वर्गातच तयार होतात.

तेव्हा शाळेत जा आणि विचारा, “सर, मॅडम, यंदा मुलांसोबत काय करून पाहायचंय? कशावाचून अडलंय?” उत्तर ऐकून घ्या, आपली कल्पना मध्ये घालू नका. पैसे रोख देऊ नका; शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात भरा, पावती घ्या. नाहीतर शिक्षकाने दिलेल्या यादीप्रमाणे सामानच आणून द्या. आणि अहवाल मागू नका. ऑनलाइन माहिती भरता भरता ही माणसे आधीच थकलेली आहेत. मुलांनी लिहिलेले एक पान आले तर भरपूर झाले. प्रयोग फसला तरी पुढच्या वर्षी पुन्हा द्या.

१५ ऑगस्टला ध्वजवंदनासाठी मुख्याध्यापक, समितीचे सदस्य, सरपंच असे सगळे शाळेतच भेटतात. बोलणे तिथेच उरकता येईल. पैसे त्याच आठवड्यात खात्यात पडले तर गणपतीच्या आसपास सामान वर्गात येईल आणि टोळ्या निघायच्या आधी मुलांच्या हाती काही आठवडे तरी राहतील.