ज्येष्ठांच्या वसाहतीत घर घेतले; आता तिथे रुजायचे कसे?

सदनिकेचा ताबा मिळाला म्हणजे घर झाले असे नाही. पहिल्या काही महिन्यांत काय तपासायचे, काय मागायचे आणि कोणत्या गोष्टी मुलांवर किंवा व्यवस्थापनावर सोडायच्या नाहीत?

दादरच्या जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या सोडून माझी मावशी आणि काका गेल्या वर्षी पुण्याबाहेरच्या एका ज्येष्ठ नागरिक वसाहतीत राहायला गेले. नवी सदनिका, खाली बाग, भोजनगृह आणि खोलीत आणीबाणीचे बटण. तिसऱ्याच आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास काकांना बाथरूममध्ये चक्कर आली. मावशीने बटण दाबले. सुरक्षारक्षक चार-पाच मिनिटांत आलाही. पण बाथरूमला आतून कडी होती आणि ती बाहेरून उघडायची सोय नव्हती. दार तोडेपर्यंत अर्धा तास गेला. काका बचावले. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने शांतपणे सांगितले, ‘‘बटण दाबल्यावर माणूस पाठवणं एवढीच आमची जबाबदारी आहे. करारात तसंच लिहिलंय.’’ करार काढून पाहिला, तर त्याचे म्हणणे खरे होते.

सही करताना तो करार घरात कोणीही पूर्ण वाचला नव्हता. मुलाने दर पाहिला, सुनेने स्वयंपाकघर पाहिले, काकांनी बाग पाहिली. अशा वसाहतींत राहायला जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांचे असेच होते. माझे म्हणणे एवढेच आहे की, इथे राहायला जाणाऱ्याने पाहुण्यासारखे न राहता पहिल्या दिवसापासून सभासदासारखे वागायला हवे. तिथली सुरक्षितता आणि तिथे मन लागणे, दोन्ही त्यावरच अवलंबून आहे.

आपण नेमके काय विकत घेतो?

वृद्धाश्रमात आपण राहण्याचे पैसे भरतो. ज्येष्ठांच्या वसाहतीत सदनिका आपल्या नावावर होते. पण जाहिरातीत दिसणारे जेवण, परिचारिका, रुग्णवाहिका, साफसफाई हे सगळे सदनिकेसोबत विकत मिळत नाही. त्या सेवा असतात, त्यांचे दरमहा पैसे द्यावे लागतात आणि पुष्कळदा त्या विकासकाऐवजी वेगळीच कंपनी पुरवते. उद्या ती कंपनी बदलली किंवा निघून गेली तर घर आपलेच राहील, पण ज्यासाठी ते घेतले ते उरणार नाही.

म्हणूनच केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी काढलेल्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांत विकासक, सेवा देणारी संस्था आणि घर घेणारा अशा तिघांमधील कराराची शिफारस केली. आपल्या कागदपत्रांत असा करार आहे का, हे पहिल्याच आठवड्यात पाहावे. नसेल, तर कोणती सेवा कोण, किती काळ आणि कोणत्या दराने देणार, हे लेखी मागावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

घराची तपासणी कशी करायची?

‘महारेरा’ने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष लागू केले. दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद, म्हणजे चाकाची खुर्ची सहज जाईल असे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे. मार्गिकेत मध्येच पायरी नको. बाथरूममध्ये न घसरणाऱ्या फरशा, आधाराच्या दांड्या आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी. काकांच्या बाथरूममध्ये यातल्या फक्त फरशा होत्या, कारण त्यांचा प्रकल्प आधीचा होता.

प्रकल्प जुना असला तरी ही यादी हातात घेऊन घरभर फिरावे. ज्या वस्तू आपण बदलू शकतो, त्या सामान लावण्याआधी बदलाव्यात. कडी बदलायला सुताराचे तासाभराचे काम असते. पलंगावरून हात पोहोचेल असा दिवा, बाथरूमच्या वाटेवर रात्री जळणारा छोटा बल्ब, पायात अडकणारी पायपुसणी काढून टाकणे, रोज लागणारे डबे कंबरेच्या उंचीवर ठेवणे, या कामांना फार खर्च नाही. आणीबाणीचे बटण एकदा खरोखर दाबून पाहावे. कोण येते, किती वेळात येते, त्याच्याकडे किल्ली असते का आणि रुग्णवाहिका आवारात असते की फोन केल्यावर येते, हे घड्याळ लावून बघावे.

ओल, गळती, तडे, बिघडलेली लिफ्ट यांबाबत गप्प बसू नये. रेरा कायद्याच्या कलम १४ (३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातील किंवा सेवांमधील दोष दाखवून दिला, तर विकासकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी करावी आणि पोच घ्यावी. ‘या वयात कुठे भांडत बसायचे’ असे म्हणून सोडून दिलेली तक्रार पुढे शेजाऱ्यांनाही महागात पडते.

करारातल्या कोणत्या ओळी पुन्हा वाचायच्या?

पहिली, मासिक शुल्क दरवर्षी किती वाढू शकते आणि ते कोण ठरवते. निवृत्तिवेतन किंवा ठेवींच्या व्याजावर जगणाऱ्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. दुसरी, जेवण सक्तीचे आहे का. भोजनगृहात न जेवताही पैसे कापले जात असतील, तर आजारपणातल्या पथ्याचे काय, हे विचारावे. तिसरी, अनामत रक्कम कधी आणि किती परत मिळणार.

चौथी अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती वयाची. अनेक वसाहतींत तिथे राहणाऱ्याचे वय ५५ किंवा ६० पूर्ण असावे लागते. म्हणजे सदनिका वारसाहक्काने मुलाकडे आली तरी तो तिथे राहू शकेलच असे नाही आणि विकायची झाली तर गिऱ्हाईकही त्याच वयाचे शोधावे लागते. नातवंडे सुट्टीत किती दिवस राहू शकतात, यालाही कुठे कुठे मर्यादा असते.

पाचवी गोष्ट बोलायला अवघड जाते. जोडीदार गेल्यावर काय? सदनिका दोघांच्या नावावर आहे का? सोसायटीकडे नामनिर्देशन केले आहे का? नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, अंतिम हक्क वारसांचा असतो. म्हणून नामनिर्देशनासोबत मृत्युपत्रही करावे.

कागदपत्रांचे काय?

पत्ता बदलला की आधार, बँक आणि गॅस जोडणीवरचा पत्ता बदलून घ्यावा. मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक ८ भरावा. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, ८० वर्षांवरील व्यक्तींना तो ऑक्टोबरपासून देता येतो. आता चेहरा ओळखून मोबाइलवरही तो देता येत असल्याने जुन्या शाखेत जाण्याची गरज नाही. ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण २०२४ पासून मिळते. कार्ड काढताना वसाहतीजवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे, तेही बघून ठेवावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा.

मन लागायचे कसे?

मावशीने तीन महिने चार खोकी उघडलीच नव्हती. विचारले तर म्हणायची, ‘‘परत जायचं झालं तर पुन्हा बांधायला नकोत.’’ चाळीस वर्षे ओळखीचा वाणी, कोपऱ्यावरचा फूलवाला, जिन्यात थांबवून चौकशी करणारी शेजारीण, हे सगळे एका दिवसात गेले होते. इथे योगवर्ग होता, भजनी मंडळ होते, पण हाक मारणारे कोणी नव्हते. घर सोडल्याचे दुःख मोठे असते, ते लगेच ओसरावे अशी अपेक्षा कोणी धरू नये.

तिला इथे बांधले ते एका कामाने. भोजनगृहातली आमटी तिला आवडेना. रोज कुरकुर करण्याऐवजी तिने जेवणाच्या समितीत नाव दिले. आता आठवड्याचा बेत ठरवायला ती बसते. मधुमेहींच्या ताटाबद्दल वाद घालते आणि तमिळ शेजारणीकडून रसम शिकते. खोकीही उघडली. सगळ्यांनाच समित्या आवडतील असे नाही. कोणी वाचनालय सांभाळेल, कोणी शेजाऱ्याला मोबाइलवर पैसे भरायला शिकवेल. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव नव्या जागी लवकर मिळायला हवी.

मुलांनी काय करावे?

पैसे भरून आणि कॅमेरा लावून जबाबदारी संपत नाही. पण रोज फोनवरून ‘हे करू नका, ते करू नका’ असे बजावणेही मदत नव्हे. कोणते सामान न्यायचे, जुने घर विकायचे की ठेवायचे, बँकेचे व्यवहार कोणी पाहायचे, हे आई-वडिलांना ठरवू द्यावे. पहिल्या वर्षातला एखादा सण तरी त्यांच्या नव्या घरी करावा. फराळाचे ताट शेजारी गेले की ओळखी आपोआप होतात.

सगळ्यांनी मिळून काय मागायचे?

महाराष्ट्रात ५१ टक्के सदनिकांची नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत खरेदीदारांची संस्था स्थापन व्हायला हवी. ती झाली नसेल तर त्यासाठी आग्रह धरावा. झाली असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभेला जावे, हिशेब मागावा, सेवेच्या कराराची मुदत विचारावी. ज्येष्ठांच्या वसाहतीत सभासद थकलेले असतात, कोणी सभेला येत नाही आणि मग व्यवस्थापन म्हणेल ते चालते. चांगल्या व्यवस्थापनालाही विचारणारे सभासद असले तरच नीट काम करता येते.

काकांच्या वसाहतीत त्या रात्रीनंतर वीस-बावीस जण एकत्र बसले. सगळ्या बाथरूमच्या कड्या बदलल्या, किल्ल्यांचा एक जोड सुरक्षा कक्षात मोहोरबंद ठेवला आणि दर तीन महिन्यांनी आणीबाणीची रंगीत तालीम होऊ लागली. करारात यातले काहीच नव्हते. राहणाऱ्यांनी मागितले म्हणून ते झाले.