‘दुर्मीळ’ म्हणण्याआधी शोध घेतला होता का?

जठराच्या कर्करोगाच्या काही प्रकारांपुढे ‘भारतात अत्यंत दुर्मीळ’ हे शब्द इतक्या सहजपणे लावले जातात, की वाचकाला ती निसर्गाचीच वस्तुस्थिती वाटावी. ज्या शोधकाला एखादा कण टिपताच येत नाही, त्याने दाखवलेले शून्य कण नसल्याचा पुरावा ठरत नाही. भौतिकशास्त्राच्या पदवीवर्गात शिकवला जाणारा हा नियम रोग्यांच्या मोजणीत मात्र सोयीस्करपणे विसरला जातो.

हेपॅटॉइड अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे उदाहरण घ्यावे. जपानी संशोधकांनी १९८०च्या दशकात त्याला स्वतंत्र ओळख दिली. गाठ जठरातली, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी यकृतातल्या पेशींसारख्या बहुकोनी, भरपूर गुलाबी पेशीद्रव्य असलेल्या आणि पट्ट्यापट्ट्यांनी रचलेल्या दिसतात. अनेकदा त्या अल्फा-फीटोप्रोटीनही स्रवतात. हा कर्करोग यकृतात लवकर पसरतो. परिणामी यकृतातली गाठ आणि रक्तातले वाढलेले अल्फा-फीटोप्रोटीन एवढ्यावरच ‘यकृताचा कर्करोग’ असा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका असतो. शिवाय त्याच गाठीत नेहमीच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाचा भागही बऱ्याचदा मिसळलेला असतो. एंडोस्कोपीतून काढलेला काही मिलिमीटरचा तुकडा नेमका तिथला असेल, तर अहवालात खरा प्रकार येणारच नाही.

दुसऱ्या एका प्रकारात कर्करोगाच्या पेशी लिंफोसाइटांच्या दाट गर्दीत विखुरलेल्या असतात. अशा बहुसंख्य गाठींत एपस्टीन-बार विषाणू सापडतो. नेहमीच्या रंजनात ही गर्दी दिसते, विषाणू दिसत नाही. त्यासाठी ऊतीच्या कापावरच विषाणूचे आरएनए शोधणारी चाचणी करावी लागते. २०१४ साली अमेरिकेच्या ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ प्रकल्पाने जठराच्या २९५ गाठी तपासून त्यांचे चार रेणवीय गट पाडले. त्यांत विषाणूयुक्त गाठी सुमारे ९ टक्के होत्या. या गाठी लसिकाग्रंथींत तुलनेने कमी पसरतात, आणि त्यांतल्या काही प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांना चांगला प्रतिसाद देतात. म्हणजे उपप्रकाराचे नाव हा केवळ वर्गीकरणाचा छंद नाही; उपचाराची दिशा त्यावर बदलू शकते.

देशातील कर्करोगाच्या मोजणीत बंगळुरूचे स्थान मोठे आहे. किदवई संस्थेतील लोकसंख्याधारित नोंदणी १९८२ पासून चालते, आणि राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सांभाळणारे केंद्रही याच शहरात आहे. या नोंदणीमागचे कष्ट निर्विवाद आहेत. परंतु नोंदणी अहवालात लिहिलेलेच टिपू शकते. विकृतिशास्त्रज्ञाने उपप्रकार नोंदवला नसेल, तर तो रुग्ण ८१४० या सर्वसाधारण अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या सांकेतांकाखाली जातो. तिथे ‘चाचणी केली, आढळले नाही’ आणि ‘चाचणी केलीच नाही’ या दोन अगदी भिन्न विधानांतला भेद पुसला जातो. हे मोजमाप नव्हे, मौन आहे.

यावर ठरावीक उत्तर येते : बहुतेक रुग्ण उशिरा येतात, पैसा अपुरा, विकृतिशास्त्रज्ञ मोजके, मग ही चैन कशाला? अडचणी खऱ्या आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. प्रत्येक तुकड्यावर प्रत्येक चाचणी करा, असे कोणी म्हणत नाही. नेहमीच्याच रंजनात लिंफोसाइटांची दाटी किंवा यकृतासारखी रचना दिसली, तरच पुढची चाचणी करावी, आणि ती शक्य नसेल तर ‘चाचणी झाली नाही’ असे स्पष्ट लिहावे. या शेवटच्या नोंदीला तर कसलेच यंत्र लागत नाही.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता कर्करोग ओळखणार’ अशा मथळ्यांच्या काळात हा आग्रह अधिकच निकडीचा आहे. ज्या काचपट्ट्यांवर उपप्रकाराचे नावच नाही, त्यांवर शिकलेला संगणक जुनेच आंधळेपण अधिक वेगाने आणि अधिक आत्मविश्वासाने पसरवील.

‘दुर्मीळ’ हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येक अहवालाने किती गाठींची कोणती चाचणी झाली, हे त्याच वाक्यात सांगावे. न सांगितल्यास विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तो आकडा स्वीकारू नये. त्या न तपासलेल्या तुकड्याच्या मागे उपचाराची वाट पाहणारा एक माणूस असतो.