आधी आवाज, मग दुरुस्ती

कॉम्प्युटर चालू असतो, पंखा फिरत असतो, फक्त तो बोलत नसतो. माझ्यासारख्या अंध बाईचं काम तिथेच थांबतं. मी देहूत घरबसल्या तळवड्याच्या वर्कशॉपवाल्यांची जॉबवर्कची बिलं एक्सेलमध्ये करते. पडद्यावरचं सगळं एनव्हीडीए वाचून दाखवतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ते लिहायला घेतलं आणि ते आजही फुकट मिळतं. जॉजसारखं विकतचं सॉफ्टवेअर माझ्या मिळकतीत बसत नाही.

मध्यंतरी विंडोजचं अपडेट झालं आणि आवाज गेला. घरी आलेल्या मेकॅनिकने माउस फिरवला, "ताई, फॉरमॅट मारावं लागेल," म्हणाला आणि बॅगेतून पेनड्राइव्ह काढला. मी म्हटलं, "दादा, जरा थांबा." भाच्याचा यूएसबी हेडफोन लावून पाहिला, तर एनव्हीडीए आत बडबडतच होतं! अपडेटनंतर आवाज एचडीएमआय केबलवाटे मॉनिटरकडे वळला होता आणि मॉनिटरला स्पीकरच नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन स्पीकर निवडला, संपलं.

फॉरमॅट मारलं असतं तर? वाचनाचा वेग, मला सोयीच्या कळा, गिऱ्हाइकांची नावं नीट उच्चारावीत म्हणून भरलेला उच्चारकोश, सगळं पुसलं गेलं असतं. एनव्हीडीएमधला ई-स्पीकचा मराठी आवाज आधीच खरखरीत, त्याला वळण लावायला वेळ जातो.

उठसूट फॉरमॅट मारणं ही मेकॅनिकांची एक खोड; दुसरी याहून वाईट. काम करताना ही बडबड डोक्यात जाते म्हणून मेकॅनिक एनव्हीडीए बंद करतात, नाहीतर 'मशीन स्लो होतं' म्हणून स्टार्टअपमधून काढून टाकतात. दिसणाऱ्या गिऱ्हाइकाचा मॉनिटर काढून ठेवून कोणी "झालं काम" म्हणेल का?

दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला केवायसीचा, म्हणजे बँका वगैरे करतात त्या ओळख-पडताळणीचा होता. पण बँकेची साइट उद्या कितीही सुधारली, तरी घरातलं मशीन मुकं असेल तर मी तिथवर पोचणार कशी?

म्हणून देहूरोड, चिखली, चाकणच्या दुरुस्तीवाल्यांना सांगणं एवढंच. अंध माणसाच्या मशीनला हात लावायच्या आधी हेडफोन लावून बघा. तरीही शांतता असेल तर कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबा. विंडोजचा स्वतःचा नॅरेटर बोलू लागतो, काही टाकावं लागत नाही. तोही गप्प राहिला तर साउंडची सेटिंग तपासा आणि काय दाबताय ते आम्हाला मोठ्याने सांगत जा. फॉरमॅटचा विषय सगळ्यात शेवटी, तोही आम्हाला विचारून.