माग आपला, सूत दुसऱ्याचे

मुंबईत १८५४ साली पहिली कापड गिरणी स्थापन झाली. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओस पडत गेले आणि विणकामाचा मोठा वाटा भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांकडे आला. पण बराचसा आला तो मजुरीवर! सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच. मागवाल्याच्या हाती फक्त विणाई. मालेगावचे पुष्कळसे कोरे कापड रंगाई-छपाईसाठी पाली, बालोतऱ्याला जाते. त्या कामाची कमाईही तिकडेच राहते. मंदी आली की व्यापारी सूत देणे थांबवतो, मागवाल्याचे वीजबिल मात्र थांबत नाही. म्हणून आपल्या कारखानदार बांधवांनी दहा-वीस जणांचे गट करून सूत स्वतः खरेदी करावे, रंगाईचा कारखाना गावातच उभारावा. नाहीतर गिरणगावानंतर पाळी आपलीच आहे.