आमचे एक किलोमीटर कुठे गेले?



'घर घेताना आधी चांगली शाळा बघा, मग वस्ती ठरवा' हा आपल्या वृत्तपत्राच्या पुरवणीतला सल्ला वाचला आणि राहवले नाही. वाशिममध्ये ज्यांची लाखाळा, सिव्हिल लाइन, आययूडीपी कॉलनी अशा भागांत घर घेण्याची ऐपत आहे, त्यांना तो उपयोगी पडेल. पण मानोरा, मालेगाव, रिसोड तालुक्यांतला कोरडवाहू शेतकरी वस्ती कुठून निवडणार? बापजाद्यांनी जिथे घर बांधले तिथेच त्याचे शेत. सोयाबीनचे पैसे हाती आले की शहरात एक खोली भाड्याने घ्यायची, बायको-लेकरांना तिथे ठेवायचे आणि आपण गावात एकट्याने शेत राखायचे, असे आज गावोगाव चालले आहे. ही नाइलाजाची फाटाफूट आहे. तिला सल्ल्याच्या भाषेत सजवू नका.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत, असे राज्याचे नियम सांगतात. म्हणजे शाळेने लेकराजवळ यायचे. अशा शाळा उभ्या करायला कायद्याने सरकारला तीन वर्षे दिली होती. ती 2013 मध्येच संपली.

त्या एका किलोमीटरचे पुढे काय झाले बघा. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेने गरिबांसाठीच्या 25 टक्के जागा देण्याची गरज नाही. लेकराच्या सोयीसाठी ठरलेले अंतर लेकरालाच अडवायला वापरले! मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी 19 जुलैला ही अधिसूचना रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही, म्हणून ती टळली. पण या 25 टक्के जागांसाठी अर्ज भरताना आजही सगळा खेळ अंतराचाच आहे. अर्जातल्या नकाशावरचा लाल बलून घरावर ठेवायचा. शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर आधी नंबर. भाड्याने राहणाऱ्याने दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला भाडेकरार जोडायचा. ज्या गावाच्या जवळपास खासगी शाळाच नाही, तिथल्या मजुराच्या लेकराला या 25 टक्क्यांतून काय मिळते? काहीच नाही. त्याच्यासाठी जिल्हा परिषदेची शाळा हीच एक शाळा.

आणि त्याच शाळेचा पट मोजून सरकार शिक्षक काढून घेते. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करण्याची टूम निघाली. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवण्याच्या, निकषांनी सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांवरचे शिक्षकच धोक्यात आणले. दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात हे पाहून एक कुटुंब गाव सोडते, त्यामुळे पट घसरतो, मग एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि ते पाहून आणखी दोन कुटुंबे निघतात. पट आपोआप घसरला असे कोणी म्हणू नये.

शहरात जाणाऱ्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयात सहावीला 80 जागा असतात आणि त्यांतल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी. पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण केलेली लागते. 'चांगल्या शाळेसाठी' तिसरीत शहरात नेलेले लेकरू या हक्कालाही मुकते. ही बाब प्रवेशाच्या वेळी पालकांना कोण सांगते?

आता शिक्षकांविषयीही बोलतो, कोणाला राग आला तरी. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याचा नियम आहे, घरभाडे भत्ता मिळतो, ते गावातच राहतात असा ग्रामसभेचा ठरावही जोडला जातो. तरी कितीतरी गुरुजी सकाळी वाशिमहून, अकोल्याहून येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांची स्वतःची मुले शहरातल्या इंग्रजी शाळेत. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 18 ऑगस्ट 2015 ला उत्तर प्रदेशात आदेश दिला होता की सरकारी पगार घेणाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत. तो तिथे कागदावरच राहिला. आपल्याकडे निदान जिल्हा परिषदेच्या सदस्यांपासून तरी सुरुवात व्हावी. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची शाळा जिल्हा परिषदेचीच, आणि तिथे प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली. गावाने आणि शिक्षकांनी मनावर घेतले तर होते.

2018 पासून वाशिम केंद्र सरकारच्या यादीत 'आकांक्षित जिल्हा' आहे. अशा जिल्ह्यांच्या क्रमवारीत शिक्षणाला 30 टक्के वजन आहे. बैठका होतात, सादरीकरणे होतात. माझी मागणी एवढीच: शाळा उघडण्यापूर्वी सहाही तालुक्यांतल्या प्रत्येक शाळेत किती पदे मंजूर, किती भरलेली आणि किती शिक्षक मुख्यालयी राहतात, याची यादी जिल्हा परिषदेने शाळेच्या दारावर लावावी, आणि आपल्या वृत्तपत्राने ती छापावी.

– एक पालक, मालेगाव (जि. वाशिम)