छातीखालचा खळगा आणि 'पित्त'

"डॉक्टर, इथे दुखतंय, पित्त झालंय." असं म्हणून तुम्ही बोट ठेवता ते छातीच्या मधल्या हाडाखालच्या खळग्यावर. जागा अचूक दाखवता. 'पित्त' हे निदान मात्र शेजाऱ्याचं किंवा टीव्हीवरच्या जाहिरातीचं असतं, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे.

आधी जागा समजून घ्या. छातीचं मधलं हाड जिथे संपतं तिथे एक छोटं टोक असतं. तरुणपणी ते कुर्चेचं असतं, चाळिशीच्या आसपास कडक होऊ लागतं. वजन घटवलेले बरेच जण ते चाचपून "गाठ आली" म्हणत घाबरेघुबरे होऊन येतात. ती गाठ नव्हे.

त्या टोकाखाली, बरगड्यांच्या कमानीत, यकृताचा डावा भाग आणि जठर. मागे स्वादुपिंड. अगदी मागे, मणक्यांना लागून महारोहिणी. बारीक माणसाला उताणं झोपल्यावर पोटात 'उडतं' ती हीच. "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळून घेणाऱ्यांनो, बेंबी सरकत नसते. ही रोहिणी साधारण बेंबीच्या पातळीला दुभंगते, त्यामुळे ठोका बेंबीच्या वर लागणारच. (साठीनंतर हा ठोका पसरट, रुंद लागू लागला तर मात्र सोनोग्राफी करून घ्या.)

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, श्वासपटलावर टेकलेलं हृदय!

हृदयाच्या खालच्या बाजूचा रक्तपुरवठा तुंबला की दुखणं छातीत न जाणवता या खळग्यात जाणवू शकतं. सोबत मळमळ, उलटी, ढेकरासुद्धा. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात तर छातीत कळ येईलच असं धरून चालू नका. आमच्या नाशिक रोडला प्रेसमध्ये रात्रपाळी करून आलेला माणूस पहाटे घामाघूम होतो आणि घरचे म्हणतात, काल मिसळ खाल्ली होती. बिचारी मिसळ! मग सोडा पाजायचा, ढेकर आली की "बघ, गॅसच होता" म्हणून झोपवायचं. ढेकर आली म्हणजे हृदय ठीक आहे, हे कुणी सांगितलं?

दोष फक्त तुमचा नाही. ईसीजी न काढता ॲसिडिटीचं इंजेक्शन टोचून घरी पाठवणारे आमच्यातही आहेत. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एकदा मीही तेच केलं. तो पेशंट दुपारी परत आला म्हणून वाचला. तेव्हापासून चाळिशीपुढचा कुणी या खळग्यावर हात ठेवून आला की आधी ईसीजी, मग गप्पा. तुम्हीही मागून घ्या, संकोच करू नका. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं थांबलं नाही, तर थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगा.

खळग्यातल्या दुखण्याबरोबर घाम, दम, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर यातलं काहीही असेल तर सोड्याची बाटली शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. आणि स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात येऊ नका, मधेच कोसळलात तर काय करणार?